थंडीत अडखळणारे टू-स्ट्रोक इंजिन: आधी काय तपासावे

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत टू-स्ट्रोक इंजिन आता मुख्यतः दोनच ठिकाणी उरले आहे: पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपात आणि धुऱ्यावरचे गवत काढणाऱ्या ब्रश कटरमध्ये. जुनी लुना, एम-८० किंवा एक्सएल सुपर जपून वापरणारेही गावोगाव आहेत. सोयाबीनवरची शेवटची फवारणी सप्टेंबरात आटोपली की पंप कोपऱ्यात जातो, आणि तूर शेंगांवर, हरभरा फुलावर आला की डिसेंबरात बाहेर निघतो. मधल्या तीन महिन्यांत त्याच्याकडे कोणी पाहिलेले नसते. सकाळी पारा दहा-बारा अंशांवर, पंप ओट्यावर, दोरी वीस वेळा ओढून झालेली, पेट्रोलचा वास सगळीकडे, आणि इंजिन मुकेच. मग ‘थंडीनं धरलं’ असे निदान होते, कोणी तरी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतो आणि खरा बिघाड आणखी खाली दडतो.

दहा अंश ही धडधाकट इंजिनाला अवघड थंडी नव्हे. ऑगस्टच्या उकाड्यात शिळे पेट्रोल, मंद ठिणगी आणि बुजलेला फिल्टर असूनही जे इंजिन कसेबसे पेट घेत होते, ते डिसेंबरात घेत नाही, एवढाच थंडीचा हात. म्हणून तपासणीची सुरुवात स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून करावी: पेट्रोल, चोक, प्लग, फिल्टर, सायलेन्सर आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर.

इंजिन टू-स्ट्रोकच आहे ना?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण निम्मा घोटाळा इथेच होतो. बाजारात सारख्याच दिसणाऱ्या पंपांवर दोन्ही प्रकारची इंजिने मिळतात. होंडाचे जीएक्स-२५ आणि जीएक्स-३५ हे फोर-स्ट्रोक आहेत. त्यांत तेल वेगळे भरतात आणि टाकीत निव्वळ पेट्रोल लागते. टीव्हीएसची एक्सएल-१०० ही गाडीही फोर-स्ट्रोकच. इंजिनावर तेल भरण्याचे वेगळे झाकण किंवा तेल मोजायची काडी असेल तर ते फोर-स्ट्रोक. अशा इंजिनात तेल मिसळलेले पेट्रोल गेले तर प्लग काजळतो आणि धूर होतो. उलट टू-स्ट्रोकमध्ये निव्वळ पेट्रोल गेले तर पिस्टन काही मिनिटांत सिलिंडरला धरतो. दुसरी चूक कितीतरी महाग आहे. शेजाऱ्याचा पंप मागून आणला असेल तर कॅन आणि पंप एकमेकांचे आहेत का, हे विचारूनच टाकी भरावी.

थंडी नेमके काय करते

निर्णयाला लागते तेवढेच. एक, गार पेट्रोलची वाफ कमी होते आणि जळते ती वाफ, पातळ पेट्रोल नव्हे. दोन, १० अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के दाट असते. कार्बोरेटर मात्र त्या मानाने पेट्रोल वाढवत नाही, त्यामुळे मिश्रण कोरडे पडते. तीन, धुई आणि दव प्लगच्या टोपीवर व वायरीवर बसते आणि ठिणगी भलतीकडे गळते. लातूर नांदेडपेक्षा सुमारे अडीचशे ते पावणेतीनशे मीटर उंच आहे, म्हणून तिथे वेगळे जेट लागते, असे काही जण सांगतात. एवढ्या उंचीने काही बिघडत नाही.

लक्षण काय सांगते

इंजिन ‘नीट चालत नाही’ एवढ्यावर कोणताही मिस्त्री काही सांगू शकत नाही. नेमके केव्हा आणि कसे बिघडते हे पाहिले की वाट अर्धी कापली जाते.

- चालूच होत नाही आणि प्लग कोरडा निघतो: पेट्रोल पोचत नाही. कॉक, टाकीतला फिल्टर, नळी पाहावी.
- चालूच होत नाही आणि प्लग ओला निघतो: एकतर चोक जास्त झाला किंवा ठिणगी नाही.
- चोक अर्धा असेपर्यंत चालते, उघडला की बसते: पेट्रोल कमी पडते. शिळे पेट्रोल, जेटमध्ये कचरा किंवा कुठून तरी चोरून येणारी हवा.
- चोक लावला की आणखी बिघडते, गडगडते, काळसर धूर येतो: पेट्रोल जास्त होते. एअर फिल्टर बुजला आहे किंवा चोकची पट्टी पूर्ण उघडत नाही.
- पाच-दहा मिनिटे उत्तम, मग हळूहळू मरते, टाकीचे झाकण उघडले की ‘फुस्स’ आवाज होतो आणि पुन्हा चालते: झाकणातले हवेचे छिद्र बंद आहे.
- आयडलला ठीक, पण रेस दिली की घुसमटते: मुख्य जेट, सायलेन्सरची जाळी किंवा काजळी.
- सोडले तरी रेस खाली येत नाही, आपोआप चढते-उतरते: हवा चोरून आत येते आहे. असे इंजिन चालवत राहू नये.

झाकणाच्या छिद्राचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण कोपऱ्यात पडलेल्या पंपात तो वारंवार निघतो. कुंभारीण माशी घरटे बांधायला असलीच भोके शोधते. तिचे मातीचे घर टाकीच्या झाकणात, कधी सायलेन्सरच्या नळीतही सापडते. बारीक तारेने छिद्र मोकळे केले की कार्बोरेटर खोलण्याचा खर्च वाचतो.

टाकीतले पेट्रोल: पहिला संशयित

सध्या मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. देशाने हे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले. लातूर परिसरातल्या साखर कारखान्यांतूनही हेच इथेनॉल बाहेर पडते, तेव्हा त्याच्याविषयी या भागात कुरकुर करणे जरा अवघडच. मोटारसायकलीत आठवड्याला टाकी रिकामी होते, त्यामुळे तिथे फारसे जाणवत नाही. तीन महिने पडून राहणाऱ्या लहान इंजिनाचे गणित वेगळे आहे.

इथेनॉल हवेतले पाणी शोषते. अर्धी भरलेली टाकी दिवसा तापते, रात्री गार होते, आत दव धरते आणि ते पाणी इथेनॉल पिऊन घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. पेट्रोल जितके गार, तितकी ही मर्यादा खाली येते. म्हणजे ऑक्टोबरात एकजीव दिसणारे मिश्रण डिसेंबरच्या पहाटे फुटलेले असू शकते. टू-स्ट्रोकला यात दुहेरी मार बसतो. तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि कार्बोरेटरला जाणारी नळी मात्र तळाचे ओढते. इंजिन चालू झालेच, तरी त्याला वंगण मिळत नाही.

हे डोळ्यांनी पाहता येते. टाकीतले सगळे मिश्रण पारदर्शक काचेच्या बाटलीत काढावे, बूच लावून रात्रभर गार जागी न हलवता ठेवावे आणि सकाळी उजेडासमोर धरावे. चांगले मिश्रण वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचे दिसते, टू-टी तेलाच्या रंगाचे: हिरवट, निळसर किंवा लालसर. बिघडलेल्या मिश्रणात खाली बोटभर फिकट, गढूळ थर दिसतो आणि वरच्या रंगाशी त्याची स्पष्ट रेघ पडते. रेघ नसली तरी वास घ्यावा. ताज्या पेट्रोलचा तिखट वास जाऊन रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येत असेल तर ते शिळे झाले आहे. दोन्ही प्रकारचे पेट्रोल पुन्हा टाकीत घालू नये. ताजे मिसळून ते सुधारत नाही. विहिरीजवळ किंवा नाल्यातही ओतू नये.

टाकी ताज्या पेट्रोलने एकदा खळबळून घ्यावी आणि नळीच्या टोकाचा फिल्टर काढून पाहावा. फिल्टर ताठ, काळा किंवा चिकट झाला असेल तर बदलावा. नळी बोटांनी दाबावी. नवी नळी मऊ असते, जुनी कडक होऊन कार्बोरेटरजवळ बारीक चिरते आणि तिथून हवा ओढते. वीस-पंचवीस मिनिटांचे हे काम आहे. डिसेंबरात नाठाळ झालेली बरीच इंजिने एवढ्यावरच वठणीवर येतात.

यापुढे महिन्यात संपेल एवढेच मिश्रण करावे. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत पेट्रोल ठेवू नये आणि ते नेण्यासाठी धातूचा किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन वापरावा. स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येते. कडब्याच्या गंजीशेजारी आणि गोठ्यात मात्र एक लिटरही ठेवू नये.

तेल किती घालावे

प्रमाण इंजिनाच्या टाकीवर किंवा पुस्तिकेत छापलेले असते आणि तेच धरावे. दुकानदार, मिस्त्री आणि शेजारी तिघेही वेगवेगळा आकडा सांगतात.

- २५ ला १: दर लिटरला ४० मिली
- ३० ला १: दर लिटरला ३३ मिली
- ४० ला १: दर लिटरला २५ मिली
- ५० ला १: दर लिटरला २० मिली

हे माप मेडिकलमध्ये मिळणाऱ्या २० मिलीच्या सिरिंजने घ्यावे. कीटकनाशकाच्या बाटलीचे झाकण माप म्हणून वापरण्याची सवय वाईट आहे, कारण त्यातला औषधाचा अंश टाकीत जातो. तेल टू-टी असावे. डब्यावर एपीआय टीसी किंवा जासो एफसी, एफडी अशी खूण असते. गाडीतून काढलेले जळके तेल किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनाचे तेल टाकले तर सायलेन्सर काजळीने भरतो.

‘थंडी आहे, तेल थोडं जास्त टाका, इंजिनाला बरं’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. तेल वाढले की तेवढ्या मापात पेट्रोल कमी होते, थंडीने आधीच कोरडे पडलेले मिश्रण आणखी कोरडे होते आणि प्लग ओला पडतो. गारठ्यात तेल घट्ट होते, म्हणून मिसळण्याची रीत तेवढी बदलावी: आधी अर्धे पेट्रोल, मग सगळे तेल, कॅन नीट हलवून मग उरलेले पेट्रोल. आणि टाकी भरताना प्रत्येक वेळी कॅन पुन्हा हलवावा.

गार इंजिन चालू करण्याची रीत

1. पेट्रोल कॉक उघडून अर्धा मिनिट थांबावे. कार्बोरेटरला रबरी फुगा असेल तर परतीच्या नळीत पेट्रोल दिसेपर्यंत तो सहा-सात वेळा दाबावा.
2. स्विच चालूवर आहे याची खात्री करावी. हे विसरून अर्धा तास दोरी ओढणारे कमी नाहीत.
3. चोक पूर्ण लावावा, ॲक्सिलरेटर बंद किंवा किंचित उघडा ठेवावा.
4. दोरी आधी हळू ओढून अडकाव लागेपर्यंत आणावी, मग एका दमात ओढावी. शेवटपर्यंत ताणू नये आणि हातातून सोडू नये.
5. पहिला ‘फट’ आवाज झाला की लगेच चोक अर्धा करावा. इथेच बहुतेकांचे चुकते. इंजिन पेटून विझले तरी पूर्ण चोकवरच ओढत राहिले तर पुढच्या चार ओढीत प्लग भिजतो.
6. चालू झाल्यावर एक-दोन मिनिटे हलक्या रेसवर ठेवावे, मग चोक पूर्ण उघडावा.

शेवटची पायरी सक्तीची समजावी. ॲल्युमिनियमचा पिस्टन लवकर तापून फुगतो, गार सिलिंडर मात्र तितक्या वेगाने फुगत नाही. चालू होताच पूर्ण रेस दिली तर पिस्टन सिलिंडरला घासतो आणि त्यावर उभे ओरखडे पडतात. इंजिन सीज होण्याचे थंडीतले हे एक नेहमीचे कारण आहे.

जास्त चोकने इंजिन भिजलेच, तर प्लग काढावा, कॉक बंद करावा, चोक आणि ॲक्सिलरेटर पूर्ण उघडावे, दोरी आठ-दहा वेळा ओढून आतले पेट्रोल बाहेर टाकावे. प्लग कोरडा करून बसवावा, दहा मिनिटे थांबावे आणि चोक न लावता चालू करावे.

एक आडवाटेची गोष्ट. पहाटे सहालाच इंजिन चालू व्हावे हा आग्रह फवारणीसाठी गरजेचाच नाही. पानांवर दव असताना मारलेले औषध ओघळून जाते. हरभऱ्यावर तर आंबही असते. दव उतरेपर्यंत, म्हणजे साधारण नऊपर्यंत थांबले, पंप अर्धा तास उन्हात ठेवला, तर पीक आणि इंजिन दोघांचेही भागते.

प्लग पाहायला शिकावे

आतली आग कशी जळते आहे, हे प्लगचे टोक उघडपणे सांगते. तो काढून हातात धरावा. पांढऱ्या चिनीमातीभोवतीचा रंग विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काळा, कोरडा, काजळासारखा असेल तर पेट्रोल जास्त किंवा फिल्टर बुजलेला. काळा, ओला, तेलकट असेल तर तेल जास्त किंवा ठिणगी मंद. पांढराफटक, भाजल्यासारखा असेल तर मिश्रण कोरडे आहे, आणि हा रंग सगळ्यात धोक्याचा: असे इंजिन सीज होण्याच्या वाटेवर असते. लोकांना काळ्या प्लगची चिंता वाटते आणि पांढरा प्लग स्वच्छ वाटतो. खरे उलटे आहे.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या फिनांना टेकवावा आणि दोरी ओढावी. प्लगच्या भोकापासून तो दूर धरावा, कारण भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो. सांडलेले पेट्रोल आधी पुसावे आणि हे काम उघड्यावर करावे. निळी, कडक ‘टच्’ आवाजाची ठिणगी चांगली. पिवळी, बारीक, कधी येणारी कधी न येणारी ठिणगी गार इंजिन पेटवू शकत नाही.

ठिणगी मंद असेल तर एकेक गोष्ट बाजूला काढावी. टोपीत पाणी आहे का? फवारणी पंपात टाकीतून गळलेले औषध वायरीवर सुकते आणि त्या क्षारांवर दव बसले की ठिणगी तिथून गळते, म्हणून वायर ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. स्टॉप स्विचची वायर घासून लोखंडाला टेकते का? ती तात्पुरती सोडून पाहिली की लगेच कळते. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी असावी. नवा प्लग घेताना जुन्या प्लगवरचाच क्रमांक दुकानदाराला दाखवावा. लांबी चुकली तर पिस्टन त्यावर आदळू शकतो. जुना प्लग गॅसवर तापवून वापरणे ही एका दिवसाची सोय आहे. पुढची शंभर दोरखेच वाचवायची तर नवा प्लगच बरा.

हवा येण्याची आणि धूर जाण्याची वाट

काळ्या मातीची धूळ आणि फवारणीचे तुषार एअर फिल्टरच्या फोमवर बसून त्याची भाकरी होते. फोम साबणाच्या पाण्यात धुवावा, पिळू नये तर दाबून पाणी काढावे, सावलीत पूर्ण वाळवावा, तेलाचे चार थेंब टाकून चोळावा आणि बसवावा. ओला फोम बसवून इंजिन चालू करण्याची घाई करू नये. फिल्टर न लावताच चालवणे त्याहून वाईट: धूळ थेट पिस्टनच्या रिंगा खाते.

सायलेन्सरच्या तोंडाला काही इंजिनांत बारीक जाळी असते. ती काजळीने बुजली की इंजिन आयडलला चालते आणि रेसला घुसमटते. जाळी काढून तारेच्या ब्रशने साफ करावी. सायलेन्सर काढला तर सिलिंडरचे धुराचे तोंड दिसते. दोरी हळू ओढून पिस्टनने ते तोंड झाकून घ्यावे आणि कडेची काजळी लाकडी काडीने खरवडावी. स्क्रू ड्रायव्हर लावू नये. त्याच तोंडातून पिस्टनची बाजूही दिसते. ती गुळगुळीत असेल तर ठीक, उभे ओरखडे असतील तर पुढची तपासणी थांबवून यंत्र मिस्त्रीकडे न्यावे.

कार्बोरेटर: शेवटी

वरचे सगळे झाल्यावरही ‘चोक अर्धा असेल तरच चालते’ ही तक्रार राहिली, तरच कार्बोरेटरला हात लावावा. आधी तो सिलिंडरला नीट आवळलेला आहे का ते पाहावे. थरथरीने नट सैल होतात, मधले पॅकिंग फुटते आणि हवा आत शिरते. इंजिन चालू असताना जोडावर ब्रशने साबणाचे पाणी लावले आणि आवाज क्षणभर बदलला, तर गळती तिथेच आहे.

त्यानंतर साफसफाई. खालची वाटी असलेल्या कार्बोरेटरमध्ये वाटीच्या तळाशी पाण्याचे मणी किंवा हिरवट चिकटा सापडतो. जेट कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने मोकळे करावे. सुई किंवा तार खुपसून भोक मोठे करू नये. पडद्याच्या कार्बोरेटरमध्ये रबरी पडदा कडक झाला असेल तर धुण्याने भागत नाही, तो बदलावाच लागतो.

मिश्रणाचा स्क्रू फिरवण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे होतात हे मोजून भिंतीवर लिहून ठेवावे, म्हणजे परतीची वाट राहते. सुईवर क्लिप असलेल्या प्रकारात क्लिप एक खाच खाली बसवली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढते. जेट साफ करूनही इथेनॉलच्या पेट्रोलवर थंडीत इंजिन कोरडे पडत असेल तर ही एक खाच पुरते. मार्चमध्ये ती परत आणावी. पूर्ण रेसला, लोड नसताना, आवाज किंचित खडबडीत येणे चांगले. शिट्टीसारखा चढत जाणारा स्वच्छ आवाज कानाला बरा वाटतो, पण तो मिश्रण कोरडे असल्याचा असतो.

काही परदेशी बनावटीच्या यंत्रांवर हिमकण आणि सूर्य अशा दोन खुणांची पट्टी असते. ती नांदेड-लातुरात सूर्यावरच ठेवावी. हिमकणावर विसरली तर दुपारी इंजिन तापते.

हे करू नये

प्लगच्या भोकात पेट्रोल ओतून दोरी ओढणे, इंजिनाखाली पाचट पेटवून ते शेकणे, गरम सिलिंडरवर पाणी मारणे, टाकी भरताना बिडी ओढणे: या चारही गोष्टी खेड्यांत पाहायला मिळतात आणि चारहीमुळे माणूस भाजतो किंवा इंजिन तडकते. पाठीवर पंप असताना टाकी भरू नये. गरम इंजिनावर सांडलेले पेट्रोल पाठीशी पेटते आणि पट्टे सोडायला वेळ मिळत नाही.

मिस्त्रीकडे कधी न्यावे

दोरी हळू ओढताना स्पष्ट अडकाव जाणवायला हवा. ती बादली सुटलेल्या रहाटासारखी सर्रकन येत असेल तर कॉम्प्रेशन गेले आहे: रिंगा झिजल्या किंवा सिलिंडर ओरखडले. नवा प्लग आणि कोरडी वायर असूनही ठिणगी नसेल तर कॉइल. रेस आपोआप चढत असेल आणि कार्बोरेटरचा जोड घट्ट असेल तर क्रँकचे ऑइल सील. ही तीनही कामे हत्यारांवाचून घरी होत नाहीत. नांदेडला नवा मोंढा आणि लातूरला गंजगोलाईच्या आसपास सुटे भाग मिळतात. नेताना जुना भाग आणि इंजिनाच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक सोबत असावा, कारण एकसारख्या दिसणाऱ्या इंजिनांच्या रिंगांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असू शकतो. काम सांगताना खर्चाचा अंदाज आधी विचारावा आणि काढलेले जुने भाग परत मागावेत.

जुन्या स्वस्त इंजिनाचे सिलिंडर, पिस्टन आणि क्रँक तीनही बदलायचे असतील तर नव्या इंजिनाची किंमत विचारूनच होकार द्यावा. बहुधा नवे परवडते.

बिल, वॉरंटी आणि तक्रार

वॉरंटीतले यंत्र स्वतः खोलू नये. पेट्रोल बदलणे, प्लग पाहणे, फिल्टर धुणे याने वॉरंटी जात नाही, पण कार्बोरेटर किंवा सिलिंडर उघडले तर विक्रेत्याला हात झटकायला निमित्त मिळते. जीएसटीचे पक्के बिल, इंजिन क्रमांक घातलेले वॉरंटी कार्ड आणि दुरुस्तीला दिल्याची तारखेची पावती, हे तीन कागद जपावेत. महाडीबीटीवरून अनुदानावर घेतलेल्या यंत्रालाही वॉरंटी तेवढीच लागू असते. ‘सबसिडीच्या मालाला गॅरंटी नसते’ असे काउंटरवर सांगितले जाते, त्याला आधार नाही.

पेट्रोलवरच संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी, घनता आणि पाच लिटरचे माप तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

विक्रेता दाद देत नसेल तर आधी लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे आयोग आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरायला यंत्र घेणारा शेतकरी ग्राहकच ठरतो. या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे देगलूरच्या शेतकऱ्याने पंप हैदराबादहून आणला किंवा उदगीरच्या शेतकऱ्याने बिदरहून, तरी त्याला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या किमतीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा. तिथे मराठीतून बोलता येते.